शाळा की गाव?

लखनौच्या रायबरेली रस्त्यावर सकाळी तेलीबागेत उभे राहा. ई-रिक्षात दाटीवाटीने बसलेली, दप्तरं मांडीवर घेतलेली मुलं दिसतील. याच शहरात विद्यार्थीसंख्येनं जगातली सर्वांत मोठी ठरलेली शाळा आहे, सिटी मॉन्टेसरी. जगदीश आणि भारती गांधी या दांपत्यानं 1959 साली उसन्या 300 रुपयांवर, पाच मुलांना घेऊन ती सुरू केली. 2010 साली गिनीज बुकात 39,437 विद्यार्थ्यांची नोंद झाली. तालुक्याचं गावच म्हणा ना! अर्थात ही सगळी मुलं एका मैदानात मावत नाहीत. शाखा शहरभर पसरल्या आहेत. 2002 मध्ये शाळेला युनेस्कोचा शांतता-शिक्षण पुरस्कारही मिळाला. मात्र शाळा सरकारी नव्हे, खासगी आहे. फी भरावी लागते.