उत्तर म्हणजे वर नव्हे
(गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षी आरतीच्या गर्दीत आपली एक सहा वर्षांची मुलगी मंडपाबाहेर गेली आणि पाऊण तासाने सापडली, हे अनेकांना आठवत असेल. घर कुठे, असे विचारणाऱ्यांना ती सांगत होती, "उजवीकडे." ती माझ्याच बालवर्गातली. दिशा तिला मीच शिकवल्या होत्या, भिंतीवरच्या नकाशावर. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, उत्तर कुठे? सगळ्यांनी छताकडे बोट दाखवले!

तेव्हा नकाशा गुंडाळून ठेवला आणि मुलांना बाहेर आणले.

आपल्या चंदीगडचे रस्ते काटकोनात आहेत, पण ली कॉर्बुझिएची ही चौकट दिशांशी तिरपी आहे. मोठ्या रस्त्याने सरळ चाललो की आपण ईशान्य-नैर्ऋत्य नाहीतर वायव्य-आग्नेय जातो. दक्षिण मार्ग दक्षिणेला जात नाही. तो मध्य मार्गाच्या दक्षिण अंगाला आहे, इतकेच. म्हणून मी आधी डोंगर दाखवते. शिवालिक दिसले की ईशान्य. सुखना तलावही तिकडेच. पाऊस पडून गेल्यावर रात्री कसौलीचे दिवे दिसतात, ते तर मुले विसरतच नाहीत.

सूर्याचेही जपून सांगावे. तो नेमका पूर्वेला उगवतो मार्च आणि सप्टेंबरच्या 21-23 तारखांच्या सुमारास. जूनमध्ये इथे तो 28 अंशांच्या आसपास उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यापेक्षा सावली बरी. काठी रोवायची, साडेबाराच्या आगेमागे सावली सर्वांत आखूड होते, तेव्हा ती बारा महिने उत्तरेकडेच पडते. (पुण्या-नागपूरला असे नाही. तिथे उन्हाळ्यात काही आठवडे दुपारची सावली दक्षिणेला जाते. सुट्टीत गावी गेलात तर जरूर दाखवा.)

पूर्वेकडे तोंड केले की उजवा हात दक्षिणेला. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवाही. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतो ती प्रदक्षिणा. बाप्पाभोवती फिरताना हे मुलांना लगेच पटले. मागे वळल्यावर उजवी बाजू बदलते, दक्षिण बदलत नाही, हे कळायला मात्र पंधरा दिवस लागले.

ती मुलगी परवा आईला म्हणाली, "डोंगराकडे पाठ करून चाललं की आपलं घर येतं."

येत्या रविवारी बारा वाजता मंडपामागे काठी रोवणार आहोत. मुलांना पाठवा, टोपी घालून.

गणपती बाप्पा मोरया!