रेड झोन, पण कुठला?

रुपीनगर-तळवड्यात कुणी जागा घ्यायला निघालं की शेजारचे काका पहिलं विचारणार, "रेड झोनमध्ये नाही ना?" देहूरोडच्या दारूगोळा डेपोमुळे आजूबाजूला बांधकामाला बंदी आहे, हे आता सगळ्यांना पाठ. पण ते कळेपर्यंत कित्येकांची घरं बांधून झाली होती. नियम होता, वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं.

ड्रोनचं तेच चाललंय. मित्राने 249 ग्रॅमचा घेतला. म्हणाला, "250च्या आत आहे, लायसन्स लागत नाही." बरोबर, 2021च्या नियमांत सूट आहे. पण नकाशा त्यालाही लागू! डिजिटल स्कायवरच्या लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय उडवायचा नाही. हे त्याला कळलं गच्चीवर, रिमोट हातात घेतल्यावर. तेही मी मोबाईल दाखवला म्हणून.

लोक म्हणतात, कायदा कडक करा. अरे, दंड 1 लाखापर्यंत आहेच की! दुकानदाराने विकतानाच तो नकाशा उघडून दाखवावा, खोक्यावर मराठीत दोन ओळी छापाव्यात. मला तेवढं हवंय.

2024च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातली गावं ड्रोनच्या भीतीने रात्रभर जागत होती, आठवतंय? मित्र आता हिरव्या भागात, त्याच्या गावी उडवतो. आधी पोलीस पाटलांना फोन करून.