अन्न हेच औषध : बालकांचा क्रोन आजार आणि पोषणोपचार



मुलाचे पोट वारंवार दुखते, जुलाब होतात, वजन वाढत नाही, अशा तक्रारींकडे आपण पुष्कळदा किरकोळ म्हणून पाहतो. क्वचित त्यांच्या मुळाशी आतड्यांचा दीर्घकालीन दाह असतो. न्यू यॉर्कमधील डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली वर्णिलेला क्रोन आजार हा त्यातलाच. बालवयात तो जडला, की वेदनेबरोबर उंचीही खुंटते. वाढीची वर्षे मोजकी असतात आणि गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

स्टेरॉइड औषधे दाह लवकर शमवतात, परंतु मुलांच्या वाढीला तीच बाधक ठरतात. त्यांना समर्थ पर्याय आहे तो संपूर्ण द्रवाहाराचा. सहा ते आठ आठवडे नेहमीचे अन्न बंद ठेवून, सर्व पोषकद्रव्यांनी परिपूर्ण असे तयार पेय मुलाला द्यावयाचे. पिणे न जमल्यास नाकातून पोटात सोडलेल्या बारीक नळीने. हा उपवास नव्हे, लंघनही नव्हे. मुलाला येथे पूर्ण उष्मांक मिळतात. इटलीतील २००६ सालच्या एका अभ्यासात दहा आठवड्यांनंतर द्रवाहारावरील १९ पैकी १४ मुलांच्या आतड्याचे अस्तर भरून आले. स्टेरॉइड घेणाऱ्या १८ पैकी केवळ ६ मुलांचे. २०१४ साली युरोपीय तज्ज्ञांनी बालकांसाठी हाच पहिल्या पसंतीचा उपचार ठरविला. मात्र अल्सरेटिव्ह कोलायटिस या दुसऱ्या आतड्याच्या दाहात त्याचा असा गुण येत नाही.

हे घडते कसे? आपल्या आतड्यांत अब्जावधी जिवाणू नांदतात. फीकॅलिबॅक्टेरियम नावाचा जिवाणू तंतुमय अन्नापासून ब्युटिरेट तयार करतो आणि त्यावर मोठ्या आतड्याचे अस्तर पोसले जाते. क्रोनच्या रुग्णांत हा जिवाणू पुष्कळदा कमी आढळतो. द्रवाहाराने तो वाढत असावा, असे कोणासही वाटेल. ग्लासगो येथील संशोधकांना २०१४ साली नेमके उलट दिसले! मुले बरी होत असताना तो अधिकच घटला, आणि नेहमीचे जेवण सुरू होताच जिवाणूंची स्थिती पूर्ववत झाली. ‘चांगले जिवाणू पोटात घाला, रोग जाईल’ इतके हे सोपे नाही. ताटात काय वाढले याइतकेच, ताटातून काय वगळले यालाही महत्त्व असावे.

या विचारातूनच निम्मा द्रवाहार आणि निम्मे निवडक अन्न अशी पद्धती पुढे आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ७४ मुलांच्या चाचणीत बाराव्या आठवड्यात या पद्धतीची सुमारे तीन-चतुर्थांश मुले रोगलक्षणांपासून मुक्त होती. द्रवाहारानंतर नेहमीच्या जेवणाकडे वळलेल्या गटात मात्र निम्म्याहून कमी. या मूळ आहारात कोंबडीचे मांस, अंडी व बटाटा यांचा समावेश आहे. आपल्यासारख्या शाकाहारी कुटुंबांनी त्यात स्वतःच्या मनाने फेरफार करू नयेत. पर्याय आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावेत.

आणखी एक सावधगिरी. आपल्या देशात आतड्यांचा क्षयरोग पुष्कळसा असाच दिसतो. म्हणून आधी अचूक निदान, मग उपचार.

शेवटी, आठ आठवडे पेयावर राहणाऱ्या मुलासमोर सण येतात, वाढदिवस येतात, वर्गमित्रांचे डबे उघडतात. त्याचा संयम टिकवणे हे एकट्या आईचे काम नव्हे. सर्व घराने, शाळेने आणि समाजाने त्याच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.