थांबा आपला, बस कोणाची?



मार्च 2022 ते जानेवारी 2026 या काळात पुण्याला नगरसेवकच नव्हते. सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. ‘काही फरक पडला नाही बुवा,’ असं बरेच जण सांगतात. यात प्रशासकाचं कौतुक आहे की आधीच्या सभागृहाची निंदा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जानेवारीत निवडणूक झाली तेव्हा घरात पत्रकांचा ढीग पडला. चिन्ह कोणतंही असो, सुरक्षित रस्ते, हक्काचं घर आणि वेळेवर बस ही तीन आश्वासनं ठरलेली. या तिन्हींपैकी नगरसेवकाच्या हातात असतं किती, एवढंच आज बघू.

74व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. ही दुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू आहे. शहरांकडे सोपवता येतील अशी अठरा कामं त्या अनुसूचीत आहेत. रस्ते आणि पूल आहेत, झोपडपट्टी सुधारणा आहे. सार्वजनिक सोयींमध्ये दिवाबत्ती, वाहनतळ आणि चक्क बसथांबे आहेत. बस मात्र नाही! म्हणून थांब्याच्या शेडवर नगरसेवकाचं नाव झळकतं आणि खाली माणसं तासभर ताटकळतात.

आपली बस पीएमपीएमएल चालवते. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून 2007 साली ही कंपनी झाली. तूट दोन्ही महापालिकांनी साठ-चाळीस प्रमाणात भरायची, पण कंपनीचा कारभारी राज्य सरकार पाठवतं. महापौर आणि स्थायी समितीचे अध्यक्ष संचालक मंडळावर बसतात, साध्या नगरसेवकांपैकी एखाद्यालाच तिथे खुर्ची मिळते. मेट्रो तर महामेट्रोची. पण बस धावते तो रस्ता महापालिकेचा असतो. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, तेव्हा देशभरातून लोक ती बघायला येत होते. पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका मोटारींच्या सोयीसाठी उखडली गेली. उमेदवार बस वाढवण्याची भाषा करू लागला की त्याला विचारावं, ‘मार्गिका राखणार का?’ तिथे मोटारवाल्या मतदाराला दुखवावं लागतं, म्हणून उत्तर सहसा मिळत नाही.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र हात बांधलेले आहेत अशी सबब चालणार नाही. पुण्याच्या अंदाजपत्रकात ‘स’ यादी नावाचा प्रकार असतो. नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं तिच्यात येतात. त्यातून काय निघतं? बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या आणि ‘संकल्पना : माननीय अमुक अमुक’ असे फलक. वर्षअखेर जवळ आली की वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात, म्हणजे एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसरीकडे वळवायचे. चांगल्या अवस्थेतला पदपथ उखडून पुन्हा पेव्हिंग ब्लॉक बसताना दिसले, की महिना मार्च आहे हे कॅलेंडर न बघता कळतं.

धोरणांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. पादचारी धोरण 2016 मध्ये झालं. लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबरला पादचारी दिनही साजरा होतो, म्हणजे वर्षातून एक दिवस. मार्च 2018 मध्ये सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, तेही आक्रसून पाच रस्त्यांपुरतं, आणि पुढे ते वर्षानुवर्षं कागदावरच राहिलं. रस्त्याकडेला फुकट उभी राहणारी मोटार ही पदपथाची जागा खाते. त्यावर बोलणारा उमेदवार आपल्या सोसायटीच्या बैठकीत टिकेल का, हे आपणच सांगायचं.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाखांची भरपाई ठरवून दिली. जे सभागृहाने करायचं ते न्यायालयाने करावं, हे मला तरी खटकतं.

घरांचं थोडक्यात सांगतो, कारण नगरसेवकाच्या हातात तिथे थोडकंच आहे. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि म्हाडा दोन्ही राज्याच्या अखत्यारीत. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात छोट्या घरांसाठी वीस टक्के वाटा ठेवण्याचा नियमही राज्याचाच. पण विकास आराखड्यावरची आरक्षणं सभागृहासमोर येतात आणि तिथे ती उठवलीही जातात. ‘घर देतो’ म्हणणाऱ्याने निदान आरक्षण उठवण्याच्या प्रस्तावाला विरोध केला तरी पुष्कळ झालं.

आता मुख्य अडचण. आपल्या प्रभागात चार नगरसेवक आहेत, एका प्रभागात तर पाच. 41 प्रभाग, 165 जागा. एकेका प्रभागात ऐंशी हजारांच्या आसपास लोक, तेही 2011 च्या जनगणनेवरून. खड्डा कोणाचा म्हणून विचारलं की चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. उद्घाटनाच्या फितीला मात्र चारही हात पुढे येतात. म्हणून माझी सूचना इतकीच, की एकेकाला गाठू नका. चौघांना एकाच सभेत बसवा, ‘स’ यादीची प्रत समोर ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे सुचवणाऱ्याचं नाव त्यांच्याच हातून लिहून घ्या. मार्चमध्ये वर्गीकरणाचे प्रस्ताव आले, की तीच प्रत घेऊन पुन्हा जाता येईल.