बंद पडू दे गाडी!

(महिला बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)



मी पाटण तालुक्यातली. आमच्या बचत गटाचे पापड, नाचणीचं पीठ, हातसडीचा तांदूळ असा माल कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या बाजाराला जातो. तो पोचवणारी पिकअप गेली सहा वर्षं मी चालवते. आज मला आपल्या डाव्या पायाबद्दल बोलायचंय. हसू नका. गाडी शिकणाऱ्या बाईचं बरंचसं नशीब त्या डाव्या पायात असतं.

आधी माझी फजिती सांगते. मला गाडी शिकवली माझ्या भाच्यानं, गावाबाहेरच्या माळावर. पहिल्या दिवशी गाडी सात वेळा बंद पडली. बांधावर बसलेली चार माणसं प्रत्येक वेळी हसायची. भाच्याला माझी दया आली. तो म्हणाला, "मामी, क्लचवरचा पाय काढूच नको. जरा काही वाटलं की दाब. गाडी बंद पडणार नाही." आणि खरंच नाही पडली. मला वाटलं, आली गाडी!

चिपळूणची तिसरी खेप. येताना पोफळी सोडली आणि घाट चढायला लागलो. पुढं मालानं भरलेला ट्रक, मुंगीच्या चालीनं. तो थांबला की मी थांबायची, पण ब्रेकवर नाही. क्लच अर्धा सोडून, एक्सलेटर देऊन गाडी चढावर तशीच तोलून धरायची. मला त्याचा अभिमानच वाटत होता. मग जळका वास आला. मला वाटलं, ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर एक्सलेटर दाबला तर इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. मागं हॉर्नचा कल्ला. गाडीत गटातल्या दोघी होत्या, त्यांनी उतरून चाकाखाली दगड लावले. शेवटी दुसऱ्या गाडीनं ओढून वर आणलं.

मिस्त्रीनं क्लचप्लेट काढून माझ्या हातात दिली. घासून रिबिटापर्यंत आलेली, काळीनिळी पडलेली. तो म्हणाला, "ताई, ही घाटानं नाही जळली, पायानं जळली." प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी यांत गटाची तीन महिन्यांची शिल्लक गेली. त्या महिन्याच्या बैठकीत आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "गाडी विकून टाका. आपलं काम नव्हे ते." बाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. घरच्याच बाईनं म्हटलं, म्हणून रात्रभर झोप लागली नाही.

आता क्लच म्हणजे काय, ते बघू. दोन्ही तळहात पुढं घ्या. उजवा तळहात म्हणजे इंजिनचं फिरणारं जड चाक. डावा म्हणजे क्लचप्लेट, तिच्यापासून गिअरमधून पुढं चाकांना जोर जातो. दोन्ही हात घट्ट दाबून उजवा फिरवा, डावाही बरोबर फिरतो. ही क्लच सोडलेली गाडी. हात दूर करा. उजवा फिरला तरी डाव्याला पत्ता नाही. हा क्लच दाबलेला. आता हात हलकेच टेकवा आणि उजवा जोरात घासा. चटका बसला ना? हाच हाफ क्लच. गाडी उचलताना तो क्षणभर लागतोच. पण तिथंच मुक्काम केला की प्लेट जळते.

माझ्या पायाला चार वाईट सवयी होत्या. एकेक सांगते, आणि ती कशी मोडली तेही.

पहिली सवय, चालत्या गाडीत पाय क्लचवर ठेवणं. आपल्याला वाटतं, नुसता टेकवलाय. पण पायाचं वजन कमी नसतं. पेडल थोडं दबतं, प्लेटची पकड सैल होते आणि बेअरिंगही विनाकारण घासत राहतं. उपाय साधा आहे. गिअर पडला, क्लच पूर्ण सुटला की पाय उचलून पेडलच्या डावीकडं खाली ठेवायचा. मी तोंडानं मोठ्यानं म्हणायची, "पाय खाली." प्रत्येक गिअरला. पंधरा दिवसांनी म्हणायची गरज उरली नाही.

दुसरी सवय, चढावर हाफ क्लचनं गाडी तोलणं. चढावर थांबायचं तर ब्रेकनं थांबा आणि हँडब्रेक ओढा. निघताना पहिला गिअर टाका, थोडा एक्सलेटर द्या, क्लच सावकाश सोडत या. गाडीचं नाक किंचित उचलतं, इंजिनचा आवाज जड होतो. म्हणजे प्लेटनं पकडलं. तिथं पाय स्थिर ठेवा, हँडब्रेक सोडा, गाडी पुढं निघाली की क्लचही पूर्ण सोडा. हे काही सेकंदांचं काम आहे. गाडी मागं न घसरता चढावरून काढणं पक्क्या परवान्याच्या चाचणीतही असतं, म्हणून हे नीट घोटा. फाटकावर किंवा रस्ता अडल्यावर बराच वेळ उभं राहायचं असेल तर न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा आणि पायाला विसावा द्या.

तिसरी सवय सगळ्यांत धोक्याची. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडणं. डिझेल वाचतं म्हणून पुष्कळजण सांगतात. बायांनो, आत्ता तळहात दूर केले होते ते आठवा. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटला. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागून धरून ठेवतं, जशी आपण उतारावर बैलाची वेसण धरतो. ती वेसणच तुम्ही सोडून दिलीत. मग सगळा भार ब्रेकवर. लांब घाटात सारखा ब्रेक दाबला की तो तापतो आणि नेमका हवा तेव्हा धरत नाही. शिवाय हल्लीच्या बहुतेक गाड्या गिअरमध्ये उतरताना, एक्सलेटर सोडलेला असेल तर इंधन आपोआप बंद करतात, त्यामुळं डिझेल वाचण्याचं कारणही उरत नाही. घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, दुसरा किंवा तिसरा, भार आणि उतार बघून. आणि उतारावर इंजिन कधीही बंद करू नका. ब्रेक जड होतो, स्टेअरिंगही जड होऊ शकतं.

याच सवयीची धाकटी बहीण म्हणजे घाबरलं की आधी क्लच दाबणं. समोर पोर आलं, शेळी आली, की डावा पाय आधी जातो. क्लचनं गाडी थांबत नाही, उलट मोकळी सुटते. थांबवतो तो ब्रेक. म्हणून नेहमीच्या थांबण्यात आधी ब्रेक, वेग उतरला की अगदी शेवटी क्लच. आणि संकटात ब्रेक जोरात. इंजिन बंद पडलं तर पडू दे.

चौथी सवय, क्लच अर्धाच दाबून गिअर ओढणं किंवा पाय एकदम सोडणं. पहिल्यात गिअर कर्रर्र करतो, दुसऱ्यात गाडी गचका खाते. बसताना सीट अशी पुढं घ्या की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. पाय पुरत नसेल तर पाठीशी घट्ट उशी घ्या. अंगठ्यातून सुटणारी चप्पल घालू नका. साडीच्या निऱ्या पेडलवर येऊ देऊ नका.

मग सपाट, मोकळ्या माळावर हा सराव करा. पहिला गिअर, उजवा पाय ब्रेकच्या वरच पण न दाबता, एक्सलेटरला हात नाही. क्लच इतका सावकाश सोडा की गाडी आपणहून चालायला लागेल. डिझेलची गाडी सपाटीवर अशी सहज निघते. पुन्हा क्लच दाबा, ब्रेक दाबा, थांबा. असं रोज वीसेक वेळा. पाचव्या-सहाव्या दिवशी पकड कुठं आहे ते पायालाच कळायला लागतं, जसं भाकरीचं पीठ किती मळायचं ते हाताला कळतं.

सराव शिकाऊ परवाना काढूनच करा. तो ६ महिने चालतो आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. गाडीला पुढं-मागं लाल रंगातलं 'एल' हवं आणि शेजारी पक्का परवाना असलेली, शिकवणारी व्यक्ती हवी.

सवय मोडायची तर एका वेळी एकच घ्या. या आठवड्यात फक्त 'पाय खाली'. शेजारी बसणारीनं इतर काही सांगू नये, फक्त डाव्या पायावर लक्ष ठेवावं. आणि ओरडू नये. कारण या चारही सवयींचं मूळ मला एकच दिसतं, गाडी बंद पडेल आणि लोक हसतील ही भीती. मी सात वेळा बंद पडलेली गाडी लपवायला गेले आणि गटाचे तीन महिन्यांचे पैसे जाळून बसले. बंद पडलेली गाडी चावी फिरवली की चालू होते. ब्रेक दाबा, क्लच दाबा, न्यूट्रल करा, चावी फिरवा. चार कामं, फुकट.

जळका वास आला, इंजिन ओरडतंय पण गाडी वेग घेत नाही, किंवा क्लच अगदी वर आल्याशिवाय पकडत नाही, असं झालं तर वेळीच मिस्त्रीला दाखवा. घाटात जाऊन खात्री करू नका.

आमची गाडी विकली नाही. गटानं मला आणखी एक संधी दिली. आता आत्याबाईंची सून माझ्याकडं शिकतेय. परवा माळावर तिची गाडी पाच वेळा बंद पडली. बांधावर माणसं होतीच, हसलीही. मी तिला एवढंच म्हटलं, "पडू दे. पुन्हा लाव." सहाव्या वेळेला गाडी निघाली, आणि तिचा डावा पाय आपणहून खाली गेला.

तुमच्या गटात कुणी शिकत असेल तर तिच्या शेजारी बसा.