दातांची साक्ष



लालबाग-परळच्या चाळींतून गिरणीच्या कामासाठी कोकणातून, घाटावरून आणि परप्रांतांतून आलेली माणसे एकमेकांशेजारी राहिली. अशा सरमिसळ वस्तीत जुन्या इमारतीचा पाया खणताना एखादा मानवी जबडा सापडला, तर तपासापुढील पहिला प्रश्न असतो : हा स्त्रीचा की पुरुषाचा? या उत्तरावर हरवलेल्या व्यक्तींच्या नोंदींचा शोध अवलंबून असतो. उत्तर चुकले, तर जी नोंद पाहावयाची तीच बाजूला पडते आणि एखादे कुटुंब वाट पाहतच राहते.

या कामी कमरेचे हाड सर्वांत विश्वसनीय. परंतु त्यातील भेद वयात आल्यावरच स्पष्ट होतो. दाताचा वरचा भाग मात्र बालपणीच पूर्ण घडतो व पुढे वाढत नाही. त्याचे कवच शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. स्त्री-पुरुषभेद सर्वाधिक दिसतो तो खालच्या सुळ्यात. पण तो सरासरीचा, मिलिमीटरच्या अंशाएवढाच.

1989 मध्ये कर्नाटकातील संशोधकांनी सुळ्याच्या रुंदीस दोन्ही सुळ्यांच्या टोकांमधील अंतराने भागून एक निर्देशांक मांडला. 0.274 पेक्षा अधिक तो पुरुष, अन्यथा स्त्री, असा त्याचा नियम. रीत सोपी असल्याने ती रूढ झाली. मात्र 2011 मध्ये धारवाडच्या अभ्यासकांनी तिची फेरतपासणी केली, तेव्हा ती भरवशाची ठरली नाही. पुरुषाचा सुळा मोठा, तशीच त्याच्या जबड्याची कमानही मोठी. त्यामुळे भागाकारात भेदच पुसला जातो. प्रत्यक्ष रुंदी अधिक उपयुक्त. परंतु तीही त्या त्या लोकसमूहाच्या प्रमाणाशीच ताडावी लागते. एका प्रांताचे माप परळच्या जबड्यास डोळे मिटून लावता येत नाही.

म्हणून मोजमाप संभव दाखविते, निर्णय देत नाही. निर्णयासाठी दाताच्या गाभ्यातील डीएनए तपासतात. एक्स व वाय गुणसूत्रांवरील एमेलोजेनिन जनुकाच्या लांबीत फरक असल्याने तेथे स्त्री-पुरुषभेद कळतो.

गावात असे अवशेष आढळल्यास सरपंच, पोलीस पाटील व शिक्षकांनी पोलिसांना तत्काळ कळवावे. पंचनामा होईपर्यंत जबडा धुऊ नये, सुटे दात वेचू नयेत व भोवतालची माती हलवू नये. एवढी दक्षता घेतली, तरी तज्ज्ञांचे निम्मे काम सुकर होईल.