देवमाशाचें चित्र

कादंबरी लिहून झाली कीं तिला शोभतील अशीं चित्रें एखाद्या चित्रकाराकडून काढवून घ्यावीं, हा ग्रंथप्रकाशनाचा नित्याचा व्यवहार आहे. परंतु ज्या प्राण्याभोंवतीं सारी कथा फिरते त्याचें खरें चित्र कोणाच्याही हातून उतरणार नाहीं, असें ग्रंथकारानेंच ग्रंथांत सांगून ठेविलें असेल तर बिचाऱ्या चित्रकारानें काय करावें? हर्मन मेल्व्हिल या अमेरिकन ग्रंथकाराच्या ‘मोबी डिक’ या कादंबरीनें चित्रकारांस नेमका हाच पेंच घातला आहे.

ही कादंबरी १८५१ सालीं आधीं लंडनला व मग न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाली. आहाब नांवाच्या कप्तानाचा पाय एका पांढऱ्या देवमाशानें तोडलेला असतो. त्याचा सूड उगविण्यासाठीं तो आपलें जहाज आणि त्यावरील खलाशी यांना समुद्रामागून समुद्र ओढीत नेतो, आणि अखेरीस कथा सांगण्यापुरता एक खलाशी तेवढा वांचतो. मेल्व्हिल हा १८४१ सालीं देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर स्वतः खलाशी म्हणून गेलेला होता. त्या काळीं देवमाशाच्या तेलावर दिवे जळत असत, त्यामुळें हा धंदा मोठा होता. पण वाचकांना हा ग्रंथ रुचला नाहीं. मेल्व्हिलच्या हयातींत त्याच्या चार हजार प्रतीही खपल्या नाहींत, आणि १८५३ सालीं प्रकाशकाकडे आग लागून शिलकी प्रती जळाल्या त्या निराळ्याच. पुढें एकोणीस वर्षें त्यानें न्यूयॉर्कच्या जकातखात्यांत नोकरी केली. १८९१ सालीं तो वारला तेव्हां त्याची फारशी कोणास आठवणही नव्हती.

या कादंबरींत देवमाशाच्या चित्रांवरच ओळीनें तीन प्रकरणें आहेत. जुन्या चित्रकारांनीं या प्राण्याची कशी विटंबना केली याचा पाढा मेल्व्हिल मोठ्या मिष्किलपणें वाचतो. गंमत अशी कीं, त्या यादींत तो थेट आपल्या मुंबईजवळच्या घारापुरीस येऊन पोंचतो. देवमाशाचें सर्वांत प्राचीन चित्र घारापुरीच्या लेण्यांत मत्स्यावताराच्या रूपानें आहे, परंतु त्याची शेपूट मात्र साफ चुकली आहे, असा त्याचा अभिप्राय! श्रोत्यांपैकीं ज्यांनीं घारापुरी पाहिली असेल त्यांस हें वाचून हंसूं येईल. तेथील लेणीं शिवाचीं. त्रिमुखी महेशमूर्ति तेथें आहे, अर्धनारीश्वर आहे, मत्स्यावतार मात्र नाहीं. मेल्व्हिल हिंदुस्थानांत कधीं आलेला नव्हता. त्यानें पुस्तकांवर विसंबून लिहिलें. दुसऱ्यांच्या चुका काढतांना त्याची स्वतःचीच चूक व्हावी, हेंही त्या विनोदी प्रकरणास शोभूनच दिसतें.

त्याचा मूळ मुद्दा मात्र खोटा नाहीं. जिवंत देवमासा पाण्यांत असतो आणि त्याचा थोडाच भाग वर दिसतो. मेलेला बाहेर काढावा तर त्याचा आकार राहत नाहीं. सांगाडा पाहावा तर त्यावरून देहाची घडण कळत नाहीं. मग उपाय एकच, आपण स्वतः शिकारीस जावें. पण त्यांत होडी फुटून तळाशीं जाण्याचें भय! ग्रंथकाराच्या मतें म्हणूनच या प्राण्याचें हुबेहूब चित्र जगाला मिळणार नाहीं.

हें आव्हान रॉकवेल केंट या चित्रकारानें स्वीकारलें. १९२६ सालीं शिकागोच्या लेकसाइड प्रेसनें त्याजकडे रिचर्ड हेन्री डेना याच्या सागरप्रवासाच्या पुस्तकासाठीं चित्रें मागितलीं. केंटनें तें सोडून ‘मोबी डिक’च मागून घेतलें. हा १८८२ सालीं जन्मलेला मनुष्य खोलींत बसून समुद्र रंगविणाऱ्यांतला नव्हे. अलास्काच्या एका बेटावर त्यानें आपल्या लहान मुलासह हिवाळा काढला होता. १९२९ सालीं, म्हणजे या चित्रांचें काम हातीं असतांनाच, तो दोन सोबत्यांसह एका लहानशा शिडाच्या नौकेनें ग्रीनलंडास गेला आणि तेथील खाडींत वादळानें ती नौका खडकांवर फुटली. तिघेही वांचले हें दैव. मेल्व्हिलनें सांगितलेली किंमत केंटनें अशी जवळजवळ चुकती केली.

त्याचीं सुमारें २८० चित्रें १९३० सालीं तीन खंडांत, हजार प्रतींच्या आवृत्तींत, अल्युमिनियमच्या पेटींतून निघालीं. पाहणारास तीं लांकडावर कोरून छापलेलीं वाटतात, पण वस्तुतः तीं लेखणी, कुंचला आणि काळी शाई यांचीं आहेत. आतां पाहा, काळ्या शाईनें काम करणारास पांढरा देवमासा काढतां येतो कसा? तो काढावयाचाच नाहीं. भोंवतालची रात्र काढावयाची आणि मधला कागद कोरा ठेवावयाचा. एका चित्रांत तारकांनीं भरलेल्या आभाळाखालीं देवमासा पाण्यांतून सरळ उभा उसळलेला आहे. मेल्व्हिलनें एक सबंध प्रकरण पांढऱ्या रंगाच्या भयावर खर्ची घातलें, तें भय येथें शाई न लावल्यानें उभें राहतें. देह हुबेहूब आहे कीं नाहीं याचा विचार पाहणाराच्या मनांत येतच नाहीं, आणि केंटचें यश हेंच होय.

त्याच वर्षीं रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेनें हींच चित्रें घेऊन एका खंडांत स्वस्त आवृत्ति काढली आणि ती घरोघर गेली. तिच्या मुखपृष्ठावर केंटचें नांव आहे, मेल्व्हिलचें नाहीं! ज्याला हयातींत वाचक मिळाले नाहींत त्याला ते मिळाले ते असे, नांव गाळून. ही गफलत विनोदाची म्हणून सांगितली जाते. ती जरा निष्ठुरही आहे.

केंट १९७१ सालीं वारला. त्याच्यानंतरच्यांनीं देवमाशाचें रूपच सोडून दिलें. जॅक्सन पोलॉकनें १९४३ सालच्या एका मोठ्या चित्रास आधीं ‘मोबी डिक’ हें नांव दिलें होतें, मग तें बदलण्यांत आलें. त्या रेषांच्या गुंत्यांत मासा शोधूनही सांपडत नाहीं. फ्रँक स्टेला यानें १९८५ पासून सुमारें बारा वर्षें कादंबरीच्या १३५ प्रकरणांचीं नांवें आपल्या कृतींना दिलीं. त्यांत वांकविलेल्या धातूच्या लाटाच लाटा आहेत. ओहायोच्या मॅट किश यानें तर २००९ सालीं आपल्या जवळच्या प्रतीच्या पानागणिक एक चित्र काढावयास घेतलें आणि २०११ सालीं ५५२ वें पान पुरें केलें. कागद त्यानें जुन्या, टाकाऊ पुस्तकांचा वापरला. त्यावरचीं छापील अक्षरें चित्रांतून अजून वाचतां येतात.